‘वाटतं’ची फोड: सीबीटीचे चौदा आठवडे

पहिल्या भेटीला पॅनिकचा, म्हणजे अचानक भीतीचे झटके येणारा माणूस जाड फाइल घेऊन येतो. तीन ईसीजी, एक टूडी एको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, बी-१२, आणि कुणीतरी ‘गॅसेस असतील’ म्हणाल्यामुळे केलेली एण्डोस्कोपी. सगळं नॉर्मल. त्याचं गाऱ्हाणं तिथूनच सुरू होतं: रिपोर्ट नॉर्मल आहेत, तर रात्री दोन वाजता छातीत होतं ते काय? नैराश्याचा माणूस रिकाम्या हाताने येतो. त्याला बहुधा कुणीतरी आणलेलं असतं, आणि आणणाराच जास्त बोलतो.

या दोघांनाही ज्या वाटेने न्यायचं ती साधारण बारा ते सोळा सत्रांची असते. आठवड्याला एक सत्र, पन्नास मिनिटांचं. नाव कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारा बोलण्याचा उपचार; सगळे सीबीटी म्हणतात. ही वाट अनेकांबरोबर चालताना कुठे काय करावं लागतं आणि पाय कुठे हमखास अडकतो, ते लिहितो आहोत. उदाहरणांतली माणसं कुणी एक नाहीत, बऱ्याच जणांचे तुकडे जोडून केलेली आहेत.

आधी फाइल नीट वाचायची. थायरॉइड बिघडलेलं असेल किंवा हिमोग्लोबिन आठवर आलेलं असेल, तर थकवा आणि उदासी तिथूनही येते. तपासणी झालीच नसेल तर फॅमिली डॉक्टरकडे पाठवायचं. झालेली असेल तर पुन्हा करायची नाही. चौथ्या ईसीजीने दोन दिवस बरं वाटतं, आणि पाचव्याची गरज तिथेच तयार होते.

मग दोन कागद भरून घ्यायचे. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, चिंतेसाठी जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढंच विचारलेलं असतं. ‘अजिबात नाही’ला शून्य, ‘जवळपास रोज’ला तीन. पहिल्याची बेरीज जास्तीत जास्त २७, दुसऱ्याची २१. दोन्हीकडे आकडा दहा किंवा त्याहून वर गेला की त्रास मध्यम किंवा त्याहून जास्त धरतात. हे कागद दर सत्राच्या आधी पुन्हा भरायचे, त्याला कंटाळा केलेला चालत नाही. ‘कसं आहे?’ला आपल्याकडे ‘बरंय’ हे एकच उत्तर असतं. एखादी बाई ‘काही फरक नाही हो’ म्हणते आणि आकडा सतरावरून बारावर आलेला असतो. पुष्कळदा झोप आणि भूक आधी सुधारते, मन मागाहून येतं, म्हणून तिला ते जाणवलेलं नसतं.

पीएचक्यूचा नववा प्रश्न जगणं नकोसं होण्याबद्दलचा आहे. तिथे शून्याच्या वर काहीही असेल तर बाकीचं सत्र बाजूला. सरळ विचारायचं: जीव द्यायचा विचार येतो का, कसा द्यायचा ते ठरवलंय का, ती वस्तू घरात आहे का. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत खरी नाही. विचारल्यावर माणूस उलट मोकळा श्वास घेतो. घरात कीटकनाशक किंवा गोळ्यांचा साठा असेल तर तो त्याच दिवशी हलवायचा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो फोनमध्ये सेव्ह करूनच माणूस खोलीबाहेर पडतो.

दुसऱ्या सत्रात मराठी भाषाच आडवी येते. सीबीटीमध्ये प्रसंग, त्या क्षणी आलेला विचार, भावना, शरीरातलं लक्षण आणि केलेली कृती या पाच गोष्टी सुट्या कराव्या लागतात. आपल्याकडे ‘वाटतं’ हा एकच शब्द सगळ्यांवर चालतो. ‘मला भीती वाटते’ ही भावना. ‘मला वाटतं, साहेब मला काढणार’ हा विचार. ‘हातपाय गळाल्यासारखं वाटतं’ हे शरीर. ‘उठावंसंच वाटत नाही’ ही कृती, म्हणजे तिचा अभाव. माणूस चारही वाक्यं एका दमात, एकाच सुरात सांगतो आणि त्याला ते सगळं मिळून एकच भलंमोठं ओझं असतं. इंग्रजी तक्त्याचं नुसतं भाषांतर हातात दिलं तर ‘भावना’च्या रकान्यात ‘मला कुणी विचारत नाही असं वाटतं’ लिहून येतं, हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय की आता तक्ता देण्याच्या आधी अर्धं सत्र फक्त ‘वाटतं’वर घालवतो.

फोड करायची ती अशी. ‘वाटतं’च्या पुढेमागे ‘की’ किंवा ‘असं’ बसत असेल तर तो विचार. एका शब्दात भागत असेल, म्हणजे भीती, राग, लाज, दुःख, अपराधीपणा, तर ती भावना. बोट ठेवून दाखवता आलं तर शरीर. आणि शंका आली तर विचारायचं, हे खोटं असू शकतं का? भीती खोटी नसते, आली म्हणजे आली. ‘साहेब काढणार’ मात्र खोटं ठरू शकतं. तपासता येतो तो विचारच. दोनशे पानी वहीत डाव्या पानावर आठवड्यातली दहा ‘वाटतं’ लिहायची आणि उजव्या पानावर प्रत्येकापुढे वि, भा, श किंवा कृ एवढंच अक्षर टाकायचं, हा पहिला गृहपाठ.

नैराश्य जड असेल तर विचारांना इतक्यात हात लावत नाही. लक्षच लागत नसलेल्या माणसाकडून पुरावे मांडून घेणं म्हणजे ताप आलेल्याकडून गणितं सोडवून घेणं. तिथे कृतीपासून सुरुवात होते, त्याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. ही सोपी, दुय्यम पद्धत आहे असं समजू नये. ब्रिटनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती पूर्ण सीबीटीपेक्षा कमी पडली नाही. त्याहून जवळचा दाखला गोव्याचा आहे. तिथल्या संगथ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी अर्ध्यापाऊण तासाची सहा ते आठ सत्रं घेतली, गाभा हाच. तीन महिन्यांनी पीएचक्यू दहाच्या खाली आलेले लोक या गटात ६४ टक्के होते. नेहमीच्या उपचाराला थोडी जोड दिलेल्या दुसऱ्या गटात ३९ टक्के.

करायचं काय? आठवड्याचा तक्ता, आडवे सात दिवस, उभे तास. प्रत्येक चौकटीत काय केलं ते दोन शब्दांत, आणि पुढे दोन आकडे, शून्य ते दहा: बरं किती वाटलं आणि ‘जमलं’ किती वाटलं. पहिल्या आठवड्यात बदल काहीच करायचा नाही, नुसती नोंद. इथे पहिली फसगत होते. तक्ता सत्राच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरला जातो आणि सगळीकडे तीन-तीन दिसतात. नैराश्यात मागचं आठवताना सगळा आठवडा एकाच राखाडी रंगाचा दिसतो. तासाच्या तासाला भरलेल्या तक्त्यात मात्र शून्यांच्या रांगेत एखादा चार सापडतो. मंगळवारी संध्याकाळी साडेसहा, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं, ४ आणि ५. दुपारी एक ते चार, मोबाइल घेऊन पडून, ० आणि ०, आणि त्यानंतरची संध्याकाळही शून्य. पडून राहिल्याने आराम मिळतो ही खात्री त्या माणसाच्याच अक्षरात खोडलेली मिळते. आम्ही सांगून ती खोडली गेली नसती.

पुढच्या आठवड्यात त्या चाराच्या आसपासच्या गोष्टी वेळ नेमून वाढवायच्या. दुसरी फसगत इथली. ‘उद्यापासून पहाटे साडेपाचला उठून पाऊण तास चालणार.’ तिसऱ्या दिवशी चुकतं, चौथ्या दिवशी ‘माझ्याने काहीच होत नाही’ याला नवा पुरावा मिळतो. म्हणून ठरलेलं काम निम्मं करायचं, मग पुन्हा निम्मं. पाऊण तास चालण्याचं होतं चप्पल घालून गेटपर्यंत जाऊन परत येणं, सकाळचा चहा झाल्या-झाल्या. ‘सकाळी कधीतरी’ असं लिहून दिलेलं काम होत नाही. ‘चहाचा कप विसळून ठेवला की’ असं लिहिलेलं बऱ्याचदा होतं. आणि इच्छा होण्याची वाट बघायची नाही. ‘मूड आला की करीन’ हा क्रम उलटवायचा आहे, हे सत्रागणिक पुन्हा सांगावं लागतं.

पॅनिकमध्ये तिसऱ्या-चौथ्या सत्राला खोलीतच प्रयोग होतो. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलेलं चक्र आधी पाटीवर काढायचं. धडधड झाली, तिचा अर्थ ‘अटॅक येतोय’ असा लावला, भीती वाढली, भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढलं, धडधड आणखी वाढली. कागदावर हे सगळ्यांना पटतं आणि घरी जाऊन काहीच बदलत नाही. म्हणून खुर्चीत बसवून तोंडाने जोरजोरात, खोल श्वास घ्यायला लावायचे, एक ते दोन मिनिटं. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हा प्रयोग करायचा नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. समोर बसून आम्हीही तसेच श्वास घेतो, कारण एकट्याला करायला लावलं तर ती परीक्षा वाटते.

चाळीस सेकंदांच्या आसपास बोटांना मुंग्या येऊ लागतात. मग ओठ बधिर, डोकं हलकं, खोली जरा लांब गेल्यासारखी. बरेच जण याच क्षणी खुर्चीचा हात पकडतात. थांबल्यावर विचारायचं, तुमच्या पॅनिकच्या झटक्याशी हे किती जुळतं? ‘दहापैकी आठ’ असं उत्तर येतं, आणि पुढे थोडा वेळ कुणी बोलत नाही. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात, त्याची ही लक्षणं. हृदयाला काही झालेलं नसतं आणि दोन-चार मिनिटांत ती ओसरतात. हे स्पष्टीकरण प्रयोगानंतर द्यायचं. आधी दिलं तर ते आणखी एक आश्वासन होतं. घरी रोज एकदा, मिनिटभर, आठवडाभर. ज्यांना चक्करीची भीती असते त्यांना फिरत्या खुर्चीत मिनिटभर गरगर, ज्यांना धडधडीची त्यांना जागच्या जागी धावणं.

‘चक्कर येऊन पडेन’ हा विचार मुंबईकडे फार. बेशुद्ध पडायला रक्तदाब उतरावा लागतो आणि भीतीत तो चढतो. अपवाद रक्त आणि इंजेक्शनच्या भीतीचा. तिथे दाब खरंच कोसळतो आणि माणूस पडतो. त्यांना उलट हातपायांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळायचे, वीस-तीस सेकंद सैल सोडायचे, असं पाच वेळा शिकवतात. सगळ्यांना सरसकट ‘दीर्घ श्वास घ्या, रिलॅक्स व्हा’ सांगणारा सल्ला या लोकांना नेमका आडवा करतो.

विचारांची नोंद पाचव्या-सहाव्या सत्राला येते, आणि सीबीटी म्हणजे एवढंच असा समज आहे. एक नोंद जवळून बघू. प्रसंग: शाळेच्या पालक ग्रुपवर सहलीबद्दल मेसेज टाकला, दोन तास कुणाचं उत्तर नाही. विचार: ‘मी काहीतरी मूर्खासारखं लिहिलं’, खात्री ८५ टक्के. भावना: लाज, ८०. बाजूचा पुरावा: दोन तास शांतता, आधीच्या बाईंच्या मेसेजला चार अंगठे आले होते. विरुद्ध पुरावा: ६२ पैकी ४० जणांनी मेसेज पाहिला आणि कुणी खोडला नाही, त्यात प्रश्न नव्हता, नुसती माहिती होती, परवा वर्गशिक्षिकांच्या मेसेजलाही कुणी उत्तर दिलं नव्हतं. नवा विचार: ‘उत्तर द्यावं असं त्यात काही विचारलेलंच नव्हतं, एखाद्याला नसेलही आवडलं’, खात्री ६५. लाज आता ४५.

लाज शून्यावर आली असती तर आम्ही संशय घेतला असता. ऐंशीची शून्य झालेली नोंद बहुतेकदा आम्हाला खूश करण्यासाठी लिहिलेली असते. नव्या विचारातलं ‘नसेलही आवडलं’ हे शेपूटही मुद्दाम ठेवलेलं आहे. त्याजागी ‘सगळ्यांना मी आवडते’ आलं तर ती सकारात्मक विचारांची पाटी झाली, आणि पुढच्या शांत ग्रुपवर ती फुटते. घरचे ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणतात ते प्रेमानेच. पण पुराव्याशिवाय आलेला चांगला विचार वाईटाइतकाच कच्चा.

नोंदीत ठरलेल्या चुका असतात. सर्वात मोठी म्हणजे विचाराच्या रकान्यात प्रश्न येतो: ‘माझं कसं होणार?’ प्रश्नाला पुरावा देता येत नाही. त्याचं विधान करून घ्यायचं: ‘मला नोकरी लागणार नाही आणि मी आईवडिलांवर ओझं होणार.’ आता हाताला काही लागलं. दुसरी चूक, प्रसंगातच मत मिसळलेलं असतं. ‘बॉसने अपमान केला’ हा प्रसंग नव्हे, ‘बॉसने मीटिंगमध्ये माझा रिपोर्ट पुन्हा करायला सांगितला’ हा प्रसंग.

महाराष्ट्रात या रकान्यांच्या आधीपासून आणखी एक घराणं रुजलेलं आहे, अल्बर्ट एलिस यांचं. त्यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून पोहोचवली, आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतही ती वर्षानुवर्षं वापरात आहे. सीबीटीचे जनक एरन बेक पुरावा मागतात, एलिस हट्ट शोधतात. मराठीत तो हट्ट ऐकू येतो, कारण त्याला ‘च’ लागतो. ‘मला पहिल्या फटक्यात पास व्हायलाच पाहिजे.’ ‘त्यांनी मला विचारायलाच हवं होतं.’ पुराव्याने न हलणारा विचार समोर आला की आम्ही वहीतल्या ‘च’ला गोल करायला सांगतो. तोच खोडून वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायचं. इच्छा तशीच राहते, सक्ती सुटते, आणि ते वाचताना आवाजातच कळतं.

‘डोक्याला पटतं हो, मनाला पटत नाही’ हे वाक्य साधारण आठव्या सत्राला येतं. ते आलं की लिहिणं थांबवून बाहेर पडायची वेळ झाली. लोकलची भीती घेऊ. शिडी त्या माणसाकडूनच लिहून घ्यायची, प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर भीतीचा आकडा. ठाण्याच्या पुलावर उभं राहून गाड्या बघणं, २५. प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटं, ३५. दुपारी स्लो लोकलने मुलुंडपर्यंत, ५०. घाटकोपरपर्यंत, ६०. मधली स्टेशनं गाळणारी फास्ट, ७५. सकाळच्या गर्दीत दादर, ९५. प्रत्येक पायरीच्या आधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं आणि किती खात्री: ‘मुलुंड यायच्या आधी बेशुद्ध पडेन, ७० टक्के.’ उतरल्यावर लिहायचं, काय झालं. भीती किती उतरली यापेक्षा भाकीत खरं ठरलं का, याला महत्त्व. एकच पायरी आठवड्यात तीन-चार वेळा, वेगवेगळ्या डब्यांतून, वेगवेगळ्या वेळी.

इथे एक्सपोजर, म्हणजे भीतीला असं मुद्दाम सामोरं जाणं, फुकट जातं ते कुबड्यांमुळे. पाण्याची बाटली, पाकिटात हृदयासाठीची सॉर्बिट्रेटची गोळी, दाराजवळचीच जागा, पूर्ण वेळ बायकोशी फोन. माणूस दादरला पोचतो आणि शिकतो काय? ‘बाटली होती म्हणून वाचलो.’ सहा महिने रोज लोकलने जाऊनही भीती तशीच असलेली माणसं येतात, त्यांच्या बॅगा तपासल्या की उत्तर मिळतं. कुबड्यांची वेगळी यादी करून त्या एकेक सोडायच्या. अल्प्राझोलाम ही चिंता शमवणारी गोळी अर्धी घेऊन चढणं हीही कुबडी; मात्र ती गोळी रोज चालू असेल तर मनाने बंद करायची नाही, मानसोपचारतज्ज्ञ ती हळूहळू उतरवतात. नैराश्याच्या गोळ्यांचं तसं नाही. त्या आणि सीबीटी एकत्र उत्तम चालतात, जड नैराश्यात तर दोन्ही लागतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून परस्पर बंद केल्या की महिन्यादोन महिन्यांत माणूस पुन्हा दारात.

पॅनिक नसलेल्या, दिवसभर कुरतडणाऱ्या काळजीला वेगळी युक्ती आहे. काळजीची वेळ ठरवायची, संध्याकाळी सहा ते साडेसहा, एकाच खुर्चीत, झोपायच्या खोलीत नाही. दिवसा आलेली काळजी चिठ्ठीवर एका ओळीत लिहून सहापर्यंत तहकूब. सहाला चिठ्ठ्या वाचायच्या: जिथे काही करता येतं तिथे पुढची पायरी लिहायची, बाकीच्यांवर पूर्ण अर्धा तास मनसोक्त काळजी करायची. दहाव्या मिनिटाला बहुतेकांना कंटाळा येतो. तरी उठायचं नाही.

ध्यानावर आधारलेली आठ आठवड्यांची एमबीसीटी वारंवार उलटणाऱ्या नैराश्यात, बरं असतानाच्या काळात, पुन्हा घसरू नये म्हणून उपयोगी आहे. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर म्हणजे ती नव्हे, आणि नैराश्य ऐन भरात असताना तिकडे जाऊ नये.

घरच्यांना एक सत्र तरी बोलवायचं. त्यांना एकच काम शिकवायचं आणि तेच त्यांना सर्वात जड जातं. ‘मला काही होणार नाही ना?’ असं विसाव्यांदा विचारल्यावर ‘नाही रे बाबा’ म्हणायचं नाही. त्याऐवजी, ‘वहीत काय लिहिलंयस?’ पहिले चार-पाच दिवस घरात चिडचिड होते. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर पाचव्या दिवशी आईचा फोन येतो की थेरपीने मुलगा बिघडला.

सत्रं सोडून देण्याची ठरलेली जागा चौथं-पाचवं सत्र. आकडा सोळावरून दहावर येतो, ऑफिसला जाणं सुरू होतं, ‘आता बरंय, गरज पडली तर फोन करतो.’ कुबड्या मात्र सगळ्या खिशात असतात. दुसरी बाजूही सांगायला हवी. सहा-आठ सत्रं झाली, गृहपाठ होतोय, आणि आकडा हललाच नाही, तर दोष रुग्णाच्या माथी मारायचा नाही. निदान पुन्हा बघायचं. थायरॉइड, दारू, लहानपणचा एखादा आघात, कधी दोन ध्रुवांचा आजार (बायपोलर) निसटलेला असतो. आणि दर सत्र नुसत्या गप्पांत जात असेल, वही उघडलीच जात नसेल, तर ती सीबीटी नाही, फी कितीही असो. ‘आज काय ठरवायचं? गेल्या आठवड्याचं लिहिलेलं दाखवा’ हे पहिल्या दहा मिनिटांत विचारलं जायला हवं.

शेवटची सत्रं लांब-लांब: पंधरा दिवसांनी, महिन्याने, मग तीन महिन्यांनी. त्याआधी एक पान लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचं. वरच्या भागात स्वतःची घसरणीची लक्षणं, नेमक्या शब्दांत: सलग तीन पहाटे चारला जाग, दोन फोन टाळले, डबा तसाच परत आणला. मधल्या भागात त्याच दिवशी करायच्या तीन गोष्टी: तासांचा तक्ता पुन्हा काढणं, गेटपर्यंत चालणं, बाटली घरी ठेवून एक स्टेशन. खाली दोन फोन नंबर आणि एक आकडा. पीएचक्यू सलग दोन आठवडे दहाच्या वर गेला की वेळ घ्यायची, तीन महिने पुरे व्हायची वाट न बघता. येताना जुनी वही आणायची, नवीन नको.